सर्व्हर कारखान्यात की क्लाऊडवर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यांचे हिशेब बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. सर्व्हर आपल्याकडे ठेवावा की क्लाऊडवर न्यावा, हे आता लहानमोठे सगळेच कारखानदार विचारतात आणि चर्चा महिन्याच्या भाड्यावर येऊन थांबते. आमच्याकडे दोन्ही प्रकार झाले आणि दोन्हींत चटके बसले. म्हणून भाड्याच्या आधी काय बघावं, ते सांगते.

आमचा सर्व्हर मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत होता. यंत्रमागावर सूत चालतं तेव्हा बारीक रुई सतत उडत असते. सर्व्हरचा पंखा ती आत ओढतो. इंजिनिअरने झाकण उघडलं, तेव्हा आतल्या पट्ट्यांवर ती नमद्यासारखी दाबून बसली होती. त्याने चिमटीत धरून अख्खा थर उचलला. त्यात सोलापूरचा मे महिना. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर आणि लाईट गेली की एसी बंद. सर्व्हर मात्र इन्व्हर्टरवर चालूच. म्हणजे खोली थंड करणारं यंत्र थांबायचं आणि तापवणारं चालू राहायचं. अशाच एका दुपारी डिस्क गेली.

बॅकअप रोज होत होता. फाईलवर तारीखही आदल्या दिवसाची होती. उघडून बघितलं तर आत गेल्या वर्षाची कंपनी! टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कंपनीचा डेटा वेगळ्या नंबराच्या फोल्डरमध्ये असतो. वर्षअखेरीला डेटा विभागला, तेव्हा नव्या वर्षाला नवा नंबर मिळाला. देखभाल करणाऱ्यांनी लावलेला बॅकअप मात्र जुन्याच फोल्डरची प्रत रोज इमानेइतबारे काढत राहिला.

हिशेब पुन्हा उभे करताना एक गोष्ट कळली, ती अजून मनातून जात नाही. घाऊक विक्रीची बिलं जीएसटी पोर्टलवरून मिळाली, खरेदी जीएसटीआर-2बी या विवरणातून, पैशांची आवक-जावक बँकेच्या स्टेटमेंटवरून. सरकारला आणि बँकेला जे ठाऊक होतं ते सगळं परत आलं. गेलं ते फक्त आपल्यालाच ठाऊक असलेलं: डाईंगला दिलेलं सूत, जॉबवर्कची येणी, कोणत्या काउंटच्या किती गोण्या शिल्लक आणि कामगारांची उचल. उचलीचा कागद कोणाकडेच नव्हता. एकेका कामगाराला बोलावून विचारलं. त्यांनी आपापला आकडा सांगितला आणि आम्ही तोच लिहिला. त्यांच्या सचोटीवर ते खातं उभं राहिलं.

मग आम्ही क्लाऊडवर गेलो. टॅली क्लाऊडवर म्हणजे बहुतेक वेळा भाड्याने घेतलेला एक विंडोज सर्व्हर, ज्यावर आपलंच टॅली चालतं आणि आपण ते लांबून बघतो. फायदा खरा होता. जानेवारीत मालक फ्रँकफर्टच्या हाइमटेक्सटिल प्रदर्शनाला गेले, तर तिथून माल किती आहे हे बघून ते ऑर्डर घेत होते. पण ज्याच्याकडून जागा घेतली, त्यानेही ती दुसऱ्याकडून घेतलेली होती. त्या दोघांत देण्याघेण्यावरून बिनसलं आणि एका सकाळी आमचं लॉगिन उघडेना.

गेटवर निर्यातीची गाडी भरून उभी होती, माल न्हावा शेवा बंदरात वेळेत पोचायचा होता. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. त्याशिवाय आमची गाडी हलणार नव्हती. सरकारी सोयीतून ते हाताने भरता येतं, ई-वे बिलही. पण बिलाचा पुढचा नंबर कोणता? किरकोळ विक्रीची बिलं त्याच क्रमात निघायची आणि ती पोर्टलवर नसतात. आमची धावपळ बघून वॉचमन म्हणाला, ‘‘मॅडम, कालचा शेवटचा नंबर माझ्या वहीत आहे की.’’ मालाबरोबर जाणारं प्रत्येक बिल तो गेटवर लिहून घ्यायचा. गाडी गेली.

हे लहानांच्याच वाट्याला येतं असं नाही. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असूनही. एवढी मोठी तेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे सेवा सुरू झाल्या. सगळं स्वतःच्याच जागेत ठेवण्याची उलट बाजूही बघा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाईलींचा 858 टेराबाइटचा साठा गेला. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. ते वाचल्यावर मी आधी आमच्या जुन्या खोलीतली इन्व्हर्टरची बॅटरी हलवायला लावली. बॅकअपची डिस्क तिच्या शेजारच्याच फळीवर होती.

माझं मत विचाराल तर रुई, उन्हाळा आणि लाईट यांच्याशी झुंजायला माणूस नसेल, त्या कारखान्याने चालू काम क्लाऊडवर ठेवावं. पण रोजची प्रत आपल्याकडे उतरवून घ्यावी आणि प्रत झाली की डिस्क काढून दुसऱ्या इमारतीत न्यावी. जोडलेली डिस्क व्हायरसने सर्व्हरबरोबरच जाते. महिन्यातून एकदा ती प्रत वेगळ्याच कॉम्प्युटरवर उघडा आणि तीन गोष्टी बघा: कालचं शेवटचं बिल, एका सुताची शिल्लक, एका कामगाराची उचल. हे काम रोज बॅकअप घेणाऱ्याला देऊ नका, दुसऱ्याला करायला लावा.

लॉगिनचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो ते आजच बघा. अनेक ठिकाणी तो कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर येतो आणि मुलगा पुण्याला नोकरी धरून गेलेला असतो.

जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात, कंपनी असेल तर 8 वर्षं. शिवाय ऑगस्ट 2022 च्या नियमानुसार कंपनीच्या हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. तो मुंबईत आहे की पुण्यात, हे लिहून घ्या. एवढी वर्षं एकच विक्रेता टिकेल असं धरून चालू नका. सेवा बंद केल्यावर डेटा किती दिवसांत मिळेल आणि टॅलीचं फोल्डर मिळेल की नुसत्या पीडीएफ, हे करारात असू द्या. सही करण्याआधी त्याला एक नमुना कंपनी द्या, ती त्याच्याकडे चढवून परत मागा आणि आलेलं फोल्डर त्याच्यासमोर आपल्या कॉम्प्युटरवर उघडा.