उतरलेल्या वजनाविषयी

निगडी, प्राधिकरण

चि. बाळ यास,

ताई परवा येऊन गेली. चाकणला तिसऱ्या पाळीस जाताना ती पोळी आणि मटकीची उसळ बांधून देते, त्यातली काकडी तेवढी खाऊन बाकीचा डबा तू तसाच परत आणतोस, आणि गेल्या आठवड्यात प्रेसपाशी उभा असता अंधारी आली तरी ती गोष्ट सुपरवायझरांच्या कानी घातली नाहीस, हे तिच्याकडून कळले. महिन्यात नऊ किलो उतरल्याचा तुला आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु ते नऊ किलो कशाचे, याचा विचार तू केलेला दिसत नाही.

आहार एकाएकी निम्म्याखाली आला म्हणजे आरंभी बरेचसे पाणीच उतरते, पुढे चरबीबरोबर स्नायूही खर्ची पडतात, आणि शरीर, वसूल घटलेल्या संस्थानच्या दिवाणाप्रमाणे, प्रत्येक खात्याची मंजुरी कमी करू लागते: हातपाय गार पडतात, नाडी मंदावते, उमेद ओसरते. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, विश्रांतीतील ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला, आणि अन्नावाचून दुसरा विषय त्यांच्या मनात उरला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेला दाखला याहून कठोर आहे: दूरचित्रवाणीवरील वजन घटविण्याच्या स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा उतरलेले पुष्कळसे वजन परतले होते, शरीराचा खर्च मात्र अपेक्षेहून रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता.

आपल्याला तर याहून अधिक जपले पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे व इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले; उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु चरबी युडकिनांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२. ज्यांच्या गाठीस स्नायू मुळातच थोडे, त्यांनी ते उपासमारीत घालवावेत आणि बदल्यात चरबी परत घ्यावी, हा व्यवहार मधुमेहाला निमंत्रण देणारा आहे, मग वजनकाटा काहीही दाखवो.

म्हणून महिन्याला दोन किलो उतरले तरी पुष्कळ मान. उसळ, अंडी, दही मुळीच सोडू नकोस. पोळी एखादी कमी कर, पाळीतला वडापाव आणि वरचेवरचा साखरेचा चहा बंद कर, जोर-बैठका सुरू कर, सुट्टीला दुर्गा टेकडी चढ, आणि रात्रपाळीनंतरची झोप मोडू नकोस. लग्न तोंडावर आले आहे हे खरे, पण मुलीने तुला आहेस तसा पाहूनच होकार दिला आहे. अंधारीची हकीकत सुपरवायझरांना आजच सांग, डॉक्टरांचा निर्वाळा मिळेपर्यंत यंत्रावर उभा राहू नकोस, रक्त तपासून घे, आणि अहवाल हाती येताच मला कळव.

तुझा,
मामा