वाघिणींच्या गावचा रणगाडा

संग्रहालय म्हटले, की राजेरजवाड्यांच्या तलवारी, जुनी नाणी, ताम्रपट आणि भग्न मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु जगात अशीही काही संग्रहालये आहेत, की ज्यांत कोणा राजाची किंवा सरदाराची आठवण जपलेली नसते. तेथे आठवण जपलेली असते ती साध्या कामकऱ्यांची. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, सस्क्वेहाना नदीच्या काठी, बर्विक नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील नागरिकांनी एक संस्था स्थापन करून आपल्या गावात बांधल्या गेलेल्या जातीचे रणगाडे मिळवले, त्यांची दुरुस्ती केली आणि ते जतन करून ठेवले. त्या संग्रहालयाची मानसिक यात्रा आज आपण करू या.

रणगाडा पाहण्यापूर्वी तो बांधणारे गाव पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात बर्विकमध्ये एक लहानशी ओतशाळा निघाली. तेथे शेतकऱ्यांसाठी नांगर तयार होत. पुढे देशभर लोहमार्ग पसरू लागले, तेव्हा त्याच ओतशाळेचा विस्तार झाला आणि तेथे मालगाडीचे डबे बनू लागले. आपल्याकडे मालगाडीच्या डब्याला ‘वाघीण’ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. 1899 मध्ये अशा अनेक कारखान्यांची मिळून ‘अमेरिकन कार अँड फाउंड्री’ नावाची एक मोठी कंपनी झाली आणि बर्विकचा कारखाना तिच्यात सामील झाला. न्यूयॉर्क शहरात जमिनीखालून धावणारी रेल्वे 1904 मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी संपूर्ण पोलादाचे उतारूंचे डबे याच कंपनीने बनवले होते. तोपर्यंत डबे बहुधा लाकडाचे असत, आणि भुयारात लाकडाला आग लागली तर उतारूंचे प्राण वाचणे कठीण. म्हणून पोलादाची जोडणी हा बर्विकच्या कारागिरांचा पिढीजात व्यवसाय होऊन बसला. बाप जोडारी, मुलगा जोडारी, अशी घरेच्या घरे त्या गावात होती.

1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड लागले. रणगाड्यांच्या वेगवान हल्ल्यापुढे पोलंडचा पाडाव झाला. हे पाहून अमेरिकेचे सेनाधिकारी चिंतेत पडले. अमेरिका त्या वेळी युद्धात उतरली नव्हती. परंतु तिच्याजवळ रणगाडे फारच थोडे होते. सरकारी शस्त्रशाळेत ते अगदी मोजके बांधले जात. हजारोंच्या संख्येने ते कोठे बांधावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबर 1939 मध्ये सैन्याने 329 हलक्या रणगाड्यांची मागणी बर्विकच्या या रेल्वे कंपनीकडे नोंदवली.

आगगाडीचे डबे बांधणाऱ्यांना रणगाडे बांधावयास का सांगितले असेल? थोडा विचार केला म्हणजे उत्तर सापडते. जाड पोलादी पत्रे कापणे, त्यांना भोके पाडणे, ते एकमेकांना घट्ट जोडणे, टनावारी वजन याऱ्यांनी उचलून नेमक्या जागी ठेवणे, ही कामे हा कारखाना रोजच करीत होता. त्याच्या इमारती लांब-रुंद होत्या. कारखान्याच्या आवारातच लोहमार्ग होता. त्यामुळे तयार झालेला रणगाडा तेथल्या तेथे गाडीवर चढवून बंदरास पाठवता येई. शिक्षण नवे होते, पण हात जुने होते. 1940 मध्ये पहिले रणगाडे बाहेर पडले आणि मार्च 1941 पासून त्यांचीच सुधारलेली जात तयार होऊ लागली. याच सुमारास अमेरिकेने मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य पुरवण्याचा कायदा केला आणि बर्विकचे रणगाडे ब्रिटिश सैन्याकडे जाऊ लागले. ब्रिटिशांनी त्यांना ‘स्टुअर्ट’ हे नाव दिले. हे नाव अमेरिकेच्या यादवी युद्धातील एका घोडदळाच्या सेनापतीचे होते. शिपायांनी मात्र त्याचे एक लाडके नाव पाडले, ‘हनी’, म्हणजे मध! वाळवंटातील लढाईत हा रणगाडा क्वचितच बंद पडे; म्हणून तो त्यांना इतका गोड वाटला.

आता आपण रणगाड्याच्या अगदी जवळ जाऊ. स्टुअर्टची लांबी सुमारे 15 फूट आणि वजन सुमारे साडेबारा टन. दोन्ही बाजूंना चाकांभोवती रबरी ठोकळ्यांचे साखळपट्टे आहेत. चाके या पट्ट्यांवरून फिरतात. म्हणजे रणगाडा आपला रस्ता आपल्याबरोबरच घेऊन चालतो. वर एक फिरता बुरूज असून त्यात 37 मिलिमीटर व्यासाची लहान तोफ बसवलेली आहे. पुढच्या बाजूस चिलखताची जाडी सुमारे दीड इंच आणि बगलेस सुमारे एक इंच. सपाट रस्त्यावर हे जड यंत्र तासाला सुमारे 36 मैल वेगाने धावू शके.

या वेगाचे रहस्य मागच्या बाजूस दडलेले आहे. तेथे मोटारीचे इंजिन नसून विमानाचे इंजिन आहे! त्याच्या सात नळ्या चक्राच्या आऱ्यांप्रमाणे वर्तुळात मांडलेल्या असून ते वाऱ्याने थंड होते. त्याची शक्ती सुमारे 250 अश्वशक्ती. पुढे विमानांसाठीच इंजिने कमी पडू लागली, तेव्हा या रणगाड्याच्या नव्या जातीत मोटारीची दोन इंजिने शेजारी शेजारी बसवण्यात आली. एक वस्तू मिळेना, तर हाती असलेल्या दुसऱ्या वस्तूतून मार्ग काढावयाचा, हा युद्धकाळातील कारखान्यांचा रोजचाच धडा होता.

आत डोकावले, की आपली समजूत एकदम बदलते. बाहेरून एवढे अवजड दिसणारे हे वाहन आत मात्र अतिशय अरुंद आहे. चार माणसांनी येथे बसावयाचे: पुढे चालक व त्याचा मदतनीस, वर बुरुजात तोफची व नायक. मागचे इंजिन आणि पुढची दंतचक्रे यांना जोडणारा लोखंडी दांडा या खोलीच्या मधूनच जातो. सुरुवातीच्या रणगाड्यांत बुरुजाला स्वतःची जमीन नव्हती. त्यामुळे बुरूज वळला, की आतल्या दोघांना त्या दांड्यावरून पाय टाकत त्याच्याबरोबर फिरावे लागे. इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज, तेलाचा वास, बंद झाकणे आणि बाहेर शत्रू! या चौघांचे प्राण एका इंच-दीड इंचाच्या पत्र्यावर अवलंबून असत. तो पत्रा ज्याने जोडला, तो कामकरी हजारो मैल दूर बर्विकमध्ये होता.

या जोडणीचीच एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आरंभी चिलखताचे पत्रे रिव्हेटांनी, म्हणजे टोप्या असलेल्या जाड पोलादी खिळ्यांनी, जोडले जात. हे काम कारागिरांच्या हातचे मळ होते. कारण डबेही ते असेच जोडत आले होते. परंतु युद्धभूमीवर एक भयंकर गोष्ट आढळून आली. शत्रूचा गोळा चिलखताला भेदू शकला नाही, तरी त्याच्या तडाख्याने रिव्हेट तुटे आणि बंदुकीच्या गोळीसारखा आत उडे. जो खिळा रक्षणासाठी ठोकला, तोच आतल्या शिपायाचा घात करी. तेव्हा जुनी रीत सोडून पत्रे वितळवून एकजीव करण्याचे, म्हणजे वेल्डिंगचे, तंत्र स्वीकारण्यात आले. प्रथम बुरूज असा जोडला जाऊ लागला आणि नंतरच्या जातींत सगळा सांगाडाच एकजीव झाला. जन्मभर हातोडा चालवलेल्या माणसांना नवे काम शिकावे लागले. ‘आमची रीत हीच’ असे म्हणत ते बसले असते, तर त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला द्यावी लागली असती.

डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका स्वतः युद्धात ओढली गेली. तरुण पुरुष सैन्यात गेले आणि देशभरच्या कारखान्यांत स्त्रियांनी त्यांच्या जागा घेतल्या. यंत्रे रात्रंदिवस चालू लागली. 1944 पर्यंत या एका कंपनीने 15,224 हलके रणगाडे बांधले. हे सर्व एकामागे एक उभे केले, तर सुमारे 43 मैलांची रांग होईल. ती मुंबईपासून निघून कल्याणच्याही पुढे जाईल. आकडा मोठा आहे. परंतु त्यातील प्रत्येक रणगाड्याचा प्रत्येक सांधा कोणीतरी स्वतंत्रपणे जोडला होता आणि दुसऱ्या कोणीतरी तो तपासला होता.

या रणगाड्यांपैकी काही आपल्या देशाच्या इतिहासातही शिरले आहेत. फेब्रुवारी 1942 मध्ये ब्रिटिशांचे एक रणगाडा दल रंगूनला उतरले. त्याच्याजवळ स्टुअर्टच होते. जपानी सैन्यापुढे माघार घेणाऱ्या फौजेची पाठराखण करीत हे दल शेकडो मैल उत्तरेकडे आले. मे महिन्यात चिंदविन नदी आडवी आली. रणगाडे पार नेण्यास साधन नव्हते. म्हणून ते शत्रूच्या हाती पडू नयेत यासाठी सैनिकांनी ते स्वतःच निकामी केले. एकच रणगाडा कसाबसा पैलतीरी पोहोचला आणि भारतात आला. पुढे 1945 मध्ये भारतीय सैन्याच्या सातव्या घोडदळ पथकाबरोबर तोच रणगाडा, बुरूज काढलेल्या स्थितीत, पुन्हा ब्रह्मदेशात गेला.

याच सातव्या घोडदळाने 1948 मध्ये स्टुअर्ट रणगाड्यांनिशी एक अपूर्व पराक्रम केला. लडाखकडे जाणारी वाट झोजी ला या खिंडीत शत्रूने अडवून धरली होती. खिंडीची उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. इतक्या उंचीवर रणगाडे येतील, अशी कल्पनाही कोणी केली नव्हती. मेजर जनरल थिमय्या यांनी ते नेण्याचे ठरवले. गुप्तता राखण्यासाठी बुरूज उतरवून रणगाडे झाकून नेण्यात आले. सैन्यातील मार्ग बांधणाऱ्या जवानांनी खेचरांची पायवाट फोडून रुंद केली. 1 नोव्हेंबर 1948 रोजी, हिमवृष्टी होत असताना, लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग यांच्या पथकाचे रणगाडे खिंडीत शिरले आणि शत्रूची फळी फुटली. द्रास, कारगिल आणि लेहकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. दूरच्या एका देशातील कामकऱ्यांनी बांधलेल्या यंत्राच्या जातीने हिमालयात आपली साथ केली.

स्टुअर्ट अजिंक्य मात्र नव्हता. शत्रूचे रणगाडे अधिक जाड चिलखताचे होत गेले, तशी त्याची 37 मिलिमीटरची तोफ त्यांच्यापुढे दुबळी पडू लागली आणि त्याचे पातळ चिलखत त्यांच्या गोळ्यांना अडवेना. मग त्याला टेहळणीची कामे देण्यात आली. कितीतरी स्टुअर्ट त्यांच्यातील माणसांसह जळून गेले. आणखी एक गोष्टही विसरता येत नाही. रणगाडा आतल्या चौघांचे रक्षण करण्यासाठी असतो, तसाच तो समोरच्यांचे प्राण घेण्यासाठीही असतो. ज्या गावाने शेतकऱ्यांचे नांगर आणि धान्य वाहणाऱ्या वाघिणी बनवल्या, त्यालाच हे काम करावे लागले. जुलमी सत्तेला आवर घालण्यासाठी ते करणे भाग होते. तरी नांगर सोडून रणगाडा हाती घेण्याची वेळ कोणत्याही गावावर येऊ नये, असेच तो पोलादी सांगाडा पाहताना वाटते.

युद्ध संपले आणि कारखाना पुन्हा डब्यांच्या कामाला लागला. 1960 नंतर थोड्याच काळात कंपनीने बर्विकमधील आपले काम बंद केले. भोंगा वाजेनासा झाला, जुने कामकरी एकेक करून काळाच्या पडद्याआड गेले. त्यांनी काय केले हे पुढच्या मुलांना सांगणार कोण? म्हणूनच गावकऱ्यांनी रणगाडे शोधून आणले. संग्रहालय लहान आहे. पण ते उभे करण्यामागची कृतज्ञता लहान नाही.

आपल्या महाराष्ट्रातही अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे 1994 पासून रणगाड्यांचे एक मोठे संग्रहालय आहे. तेथे जाण्याचा योग आला, तर तोफेची लांबी पाहून झाल्यावर क्षणभर थांबा आणि दोन पत्रे जेथे जोडलेले आहेत, तो सांधा पाहा. सेनापतींची नावे इतिहासात सापडतात. तो सांधा जोडणाऱ्याचे नाव कोठेही लिहिलेले नसते. परंतु तो सांधा आजही पक्का आहे.

स्वाध्याय

1. आगगाडीचे डबे बांधणाऱ्या कारखान्याकडे रणगाड्यांचे काम का सोपवण्यात आले?
2. ‘शिक्षण नवे होते, पण हात जुने होते’ या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
3. रिव्हेटांची जोडणी सोडून वेल्डिंगचे तंत्र का स्वीकारावे लागले?
4. ‘हातचा मळ असणे’, ‘तोंड लागणे’, ‘काळाच्या पडद्याआड जाणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
5. तुमच्या गावातील एखादा जुना कारखाना, गिरणी किंवा लोहारशाळा पाहून या. तेथे काम केलेल्या वृद्ध कारागिराची माहिती विचारा आणि ती दहा-बारा ओळींत लिहा.