माझ्या नावाखाली भलतंच पत्र

कन्सल्टन्सीमार्फत नोकरीचा अर्ज करणार असाल, तर बायोडेटा हाती देण्याआधीच विचारा: माझं कव्हर लेटर कंपनीकडे जसंच्या तसं जाणार का? आणि कंपनीला गेलेल्या मेलची प्रत मागून घ्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

जागा नाशिकला, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, सीनियर अकाउंटंटची. जाहिरातीत सगळा भर जीएसटीवर होता, म्हणून मी पत्राची सुरुवातच त्या कामाने केली. पुरवठादाराने आपलं बिल रिटर्नमध्ये दाखवलं नाही, तर 1 जानेवारी 2022 पासून आपल्याला त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही. मिळणाऱ्या क्रेडिटचा तक्ता, म्हणजे जीएसटीआर-2बी, तयार होतो 14 तारखेला; दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-3बी हा रिटर्न भरायचा असतो 20 पर्यंत. मधल्या दिवसांत कुणाचं बिल अडकलंय ते शोधायचं, त्याच्या मागे लागायचं, नाहीच ऐकलं तर जीएसटीपुरती रक्कम रोखून धरायची. हे मी कसं करते, ते मोजक्या ओळींत लिहिलं होतं. त्यासाठी रात्री जागले होते.

मुलाखतीत साहेबांनी समोरचा कागद वाचला, ‘आपल्या नामांकित संस्थेत शिकण्याची संधी मिळावी...’ आणि मान वर करून म्हणाले, ‘मॅडम, आम्हाला शिकाऊ नकोय.’

मी कागद मागून घेतला. वर कन्सल्टन्सीचा लोगो, खाली माझं नाव, मोबाइल नंबर काढून टाकलेला, आणि मधल्या मजकुरात माझा एक शब्द नाही. कानशिलं तापली. मी खरं काय लिहिलं होतं ते सांगू लागले, तोवर साहेबांचं लक्ष घड्याळाकडे गेलं होतं.

कन्सल्टन्सीतल्या मुलीला फोन केला, तर म्हणे, ‘मॅडम, आमचा एक फॉरमॅट असतो. एवढं वाचतंय कोण?’ माफी तर सोडाच, माझा इतक्या वर्षांचा अनुभव पुसून मला फ्रेशर करून टाकलं, याचं तिला काहीच वाटलं नाही. उलट दुसऱ्या जागेसाठी पुन्हा बायोडेटा मागितला! आजही आठवलं की संताप होतो.

आणि कुणी वाचत नाही हे साफ खोटं आहे. तेच पत्र, कंपनीचं नाव तेवढं बदलून, मी सातपूरच्या एका कारखान्याला थेट पाठवलं. तिथल्या अकाउंट्सच्या प्रमुखांनी फोनवर पहिलंच विचारलं, ‘रक्कम रोखली की पुरवठादार भांडत नाहीत का?’ मी आता तिथेच काम करते.

थेट अर्ज करताना पत्र वेगळ्या फाइलमध्ये न ठेवता मेलच्या मजकुरातच लिहा, म्हणजे मेल उघडताच दिसतं. बायोडेटा पीडीएफमध्ये जोडा, फाइलला स्वतःचं नाव आणि पद द्या. विषयाच्या ओळीत पदाचं नाव जाहिरातीत आहे तसंच घाला. पत्र पानभराच्या आत ठेवा, शुद्धलेखन तपासा, खोटं लिहू नका. ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’ काढून टाका आणि तिथे स्वतः केलेलं एक काम लिहा. मात्र जुन्या कंपनीचे आकडे, पुरवठादारांची नावं चुकूनही देऊ नका. ही बाई उद्या आपलीही माहिती बाहेर नेईल, असं वाचणाऱ्याला वाटणारच. नोटीस पीरियड किती, ते लिहाच. नोकरीत खंड पडला असेल तर एका वाक्यात कारण सांगा, गयावया करू नका. मुलाखतीला स्वतःच्या पत्राची छापील प्रत न्या आणि बसल्याबरोबर समोर ठेवा. आणि कन्सल्टन्सीने नावनोंदणीचे पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.