रात्रपाळी करणाऱ्या भाचीला, कादंबरीबद्दल

भाचीबाई, ‘मामा, जरा निवांत वेळ मिळू दे, मग बसते लिहायला’ हे पालुपद आधी बंद कर. निगडीपासून चाकणपर्यंत निवांत माणूस शोधून दाखव मला. जो भेटेल तो फर्स्टला चाललेला, सेकंडहून आलेला, नाहीतर नाइट करून डोळे चोळणारा. मी भोसरीच्या कारखान्यात उभा जन्म काढला आणि कादंबऱ्या लिहिल्या त्या पाळ्या करूनच. रजा लागायची ती पोरांच्या आजारपणाला आणि गावच्या जत्रेला.

मूडचं म्हणशील तर हरिभाऊ आपट्यांकडे बघ. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यातून हप्त्याहप्त्याने छापत गेले. अंक निघायचा म्हणजे मजकूर हवाच, मन लागो न लागो. आपण आजही जी कादंबरी मानाने वाचतो ती अशी मुदतीच्या बडग्याखाली झालेली आहे. मूडची वाट बघणाऱ्या साहित्यिक मित्रांना हे सांगून बघ, चहा घेतल्याशिवाय उठतात.

आता तुझ्या पाळ्यांचं. लिहायची एकच वेळ ठरवायला जाऊ नकोस, ती दर आठवड्याला मोडेल आणि मोडली की चिडचिड होईल. फर्स्ट असेल तेव्हा संध्याकाळी, पण स्वयंपाकाला हात लावण्याआधी. जेवण झाल्यावर बसलीस तर पेंगशील. सेकंड असेल तेव्हा सकाळी, घरातले आपापल्या वाटेला लागले की. नाइटच्या आठवड्यात लिहायचंच नाही, फक्त वाचायचं. जागरणाने तापलेल्या डोक्याला आपलं प्रत्येक वाक्य भारी वाटतं, आणि दुपारी उठून पाहावं तर त्यात नुसती विशेषणं. रोज एक पान, हाताने, पाठकोऱ्या कागदावर. पाठकोरा अशासाठी की कोऱ्या करकरीत वहीत माणूस उगाच सुबक लिहायला लागतो. फुकट गेलेल्या कागदावर खाडाखोड करायला हात अडत नाही.

सुट्टीचंही बघून ठेव. भोसरीच्या एमआयडीसीत आमची सुट्टी गुरुवारची. लोक नावं ठेवायचे, मला ती फार मानवली, कारण गुरुवारी ना साखरपुडा, ना वास्तुशांत, ना कुणाचं पुस्तक प्रकाशन. तुझी रविवारची म्हणजे संकटच आहे. महिन्यातला एक रविवार पाहुण्यांना आणि कवी संमेलनांना दे, बाकीच्या रविवारी घरात नाही म्हणून सांग.

वाचन बसमध्ये. कंपनीची बस तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात अडकते तेव्हा सगळी बस शिव्या घालते. तू तेवढ्यात एक प्रकरण उरक. मोबाईलवर वाचायला माझी ना नाही, पण त्यावर मेसेज येत राहतात, म्हणून पुस्तकच बरं. २०२४ च्या सप्टेंबरापासून मेट्रो पीसीएमसीहून थेट स्वारगेटपर्यंत धावतेय. कसब्याला उतरलं की अप्पा बळवंत चौक चालत गाठता येतो, तेव्हा पुस्तकं मिळत नाहीत ही सबबही आता चालणार नाही. जुनी पुस्तकं घेताना मात्र पानं मोजून घे.

काय वाचायचं ते सांगतो, कारण तू सध्या नुसती कामगारांवरची पुस्तकं जमवते आहेस. मामा वरेरकरांचा ‘धावता धोटा’ वाच, भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ वाच, जयंत पवारांच्या कथा तर वाचच. पण त्यातलं जग मुंबईचं आहे. गिरणगाव मराठीत जेवढा आला त्याच्या पासंगालाही आपला पट्टा आलेला नाही. एमआयडीसी १९६२ ची, पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ ची; इतक्या वर्षांत इथे गाड्या किती झाल्या आणि कादंबऱ्या किती, बघ. गिरणगावाची नक्कल केलीस तर तुझ्या पानांत भोंगा वाजेल, चाळीतला सार्वजनिक गणपती येईल, मोर्चा निघेल. त्यातलं तुझ्या रोजच्या बघण्यातलं किती, ते विचार स्वतःला.

त्यापेक्षा जमीन गेलेल्या माणसांची पुस्तकं वाच. मी हल्ली तीच पुन्हा काढून बसलोय. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ १९९१ ची, आणि आताची म्हणशील तर कृष्णात खोतांची ‘रिंगाण’, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. दोन्हींत धरणाने उठवलेली माणसं आहेत. ‘रिंगाण’मध्ये खोतांनी अख्ख्या विस्थापनाचा भार एका मागे राहिलेल्या म्हशीवर टाकलाय, आणि तो तिने पेललाय. पहिल्या वाचनात गोष्टीसाठी वाच. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बस आणि बघ, लेखक माणसाच्या मनातलं न सांगता जनावर, वाट, झाडोरा यांतून ते कसं काढतो.

आणि मग आपल्याकडे बघ. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, सावरदरी. इथे धरणासारखं गाव बुडालं नाही. गाव जागेवर आहे, देऊळ आहे, यात्रा भरते, शेत तेवढं कुंपणापलीकडे गेलं. माणूस रोज त्या कुंपणाशेजारून मोटारसायकलवर जातो आणि आपली विहीर कुठे होती ते त्याला बोट दाखवून सांगता येतं. मोबदल्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. बंगला, गाडी, पोरांची लग्नं, आणि उरलेल्या गुंठ्यांत पत्र्याच्या खोल्या. त्या खोल्यांत कोण राहतं? लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याकडची पोरं. त्यांचीही शेतं आहेत, पण पावसावर टांगलेली.

एका खोलीमालकाकडे मी बसलो होतो. पगार झालेले, भाडं गोळा करायचा दिवस. दहा खोल्या एका रांगेत, पुढे एकच नळ, प्रत्येक दाराच्या वर विजेचा सबमीटर. मालक वही घेऊन दारात गेला, रीडिंग टिपलं, युनिटचा हिशेब केला आणि पैसे मागण्याआधी विचारलं, “औंदा तिकडं पाऊस कसाय?” पोरगं म्हणालं, “सोयाबीन पिवळं पडलंय, काका.” मालक मान हलवत जरा वेळ उभा राहिला, त्याला सोयाबीन कसं पिवळं पडतं ते विचारायचं होतं आणि त्याने ते बारकाईने विचारलंही. मग भाडं घेतलं, पुरतं घेतलं, शंभराची नोट उजेडात धरून बघून घेतली. दोघंही शेतकऱ्याची पोरं. एकाची जमीन कंपनीत गेली, दुसरा जमीन ठेवून कंपनीत आला. भाची, माझ्या मते या पट्ट्याची कादंबरी त्या दारात उभी आहे. मशीन, टार्गेट, सुपरवायझर हे सगळं येऊ दे, पण ते त्या दाराच्या मागून येऊ दे.

कंत्राटी पोरांचं लिहिताना कायदा वाचून घे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेला २४० दिवसांचा आकडा ज्या लेखकाला ठाऊक नाही त्याला सात महिन्यांनी पोरगं बॅग भरून गावाकडे का निघालंय ते कळणार नाही. तो ‘नियतीने त्याच्या हातून सारे हिरावून घेतले’ असलं काहीतरी लिहून मोकळा होईल. नियती नाही, २४० दिवस भरायच्या आत ब्रेक दिला त्याला.

गोनीदा दांडेकरांबद्दल तू नाक मुरडतेस, ते काही मला पटत नाही. ते इथे तळेगाव दाभाड्याला राहिले आणि मावळ पायांनी तुडवला. ‘पवनाकाठचा धोंडी’ १९५५ ची. तिच्यातला हवालदार तुंगी किल्ल्याच्या परिसरातला, पवना जिथे अजून लहान आहे तिथला. त्याच पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात, निगडीत शुद्ध करतात आणि तुझ्या नळाला सोडतात. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले, तेव्हा तू शाळेत होतीस. धोंडीचा मावळ आणि हा मावळ एकच. त्यांची भाषा तुला जुनी वाटेल, वाटू दे. एका रविवारी तुंगवर चढून ये आणि मग बोल.

त्यांच्याकडून आणखी एक घेण्यासारखं आहे. त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वीणा देव आणि विजय देव यांनी वर्षानुवर्षं केलं. कादंबरी कानाला टिकते की नाही हे बघायला त्याहून चांगली सोय नाही. तू क्वालिटीत आहेस, प्लग गेज रोज हातात असतो. गो बाजू गेली पाहिजे, नो-गो अडकली पाहिजे, मध्ये ‘तसं चालून जाईल’ नाही. मोठ्याने वाचणं हे लिहिणाऱ्याचं गेज. मी तुझ्या मामीला वाचून दाखवतो. ती गवार निवडत बसते. हात चालूच राहिला तर पान बेतास बात, हात थांबला तर पान राहतं. ‘छान आहे हो’ म्हणाली तर मी ते फाडतो.

टिपणं कशी काढायची? गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, तेव्हा तो नाद सोड. ड्रॉइंगचा, पार्टचा फोटो तर चुकूनही नको, नोकरी जाईल आणि कादंबरीही जाईल. खिशात चिठोऱ्या ठेव, टी-टाइमला दोन शब्द लिही. कूलंटचा वास, कुणाची तरी एक तक्रार, एवढंच. उरलेलं बसमध्ये आठव. कंपनीचं नाव पुस्तकात घालू नकोस आणि शेजारच्या लाइनवरची मुलगी जशीच्या तशी उचलू नकोस. तिचं गाव बदल, वय बदल, आणि जी गोष्ट तिने फक्त तुला सांगितली ती सोडून दे.

छापण्याचं एवढ्यात नको, पण माहीत असू दे. ‘इतके हजार भरा, इतक्या प्रती घ्या’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे, तिचे अर्ज मागवतात तेव्हा नजर ठेव. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांना आणि संमेलनांना कथा पाठव, तिथे ऐकणारे तुझ्या कामातले असतात. २०१६ च्या जानेवारीत ८९वं साहित्य संमेलन पिंपरीत भरलं तेव्हा मंडपातल्या भाषणांपेक्षा पुस्तकांच्या गाळ्यांवर मला जास्त शिकायला मिळालं. लोक पुस्तक उचलतात, मधलंच पान उघडतात आणि तीन ओळींत ठरवतात. तुझं मधलं पान तेवढं मजबूत ठेव. आणि दिवाळी अंकाचा संपादक ‘कादंबरीचा अंश द्या’ म्हणाला तर पूर्ण झाल्यावर देते म्हणून सांग. अर्धवट अंशाचं कौतुक झालं की पुढचा भाग त्या कौतुकाला जपत लिहिला जातो.

चाळीस पानं झाली की आण. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवू नकोस, माझ्या डोळ्यांना ते होत नाही. एका बाजूने प्रिंट, डावीकडे भरपूर समास. गुरुवारी ये, मी घरीच असतो. आणि त्या सबमीटरच्या खोल्यांवर तू लिहिणार नसशील तर आत्ताच सांग, मी लिहायला घेतो.