जुन्या अमेरिकी नोंदींत एका आडनावाचा माग: फुकट काय, विकत काय, टाळायचं काय

जावई किंवा सून अमेरिकन आहे. नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा आहे. व्याह्यांच्या घरात "आमचे पूर्वज सतराव्या शतकात इथे आले" याच्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. अशा वेळी शोधाचं काम तुमच्याकडे आलं तर खुशाल घ्या. बहुतेक काम घरबसल्या होतं, पुण्यातूनही होतं, आणि पहिले काही आठवडे एक डॉलरही लागत नाही. पैसे जातात ते घाईमुळे आणि आडनावावर भाळल्यामुळे.

पियर्स हेच आडनाव घ्या. जुनं आहे, सर्वत्र आहे, म्हणूनच अवघड आहे. सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये या आडनावाचे निदान तीन मूळपुरुष सापडतात: चार्ल्सटाउनचा थॉमस, वॉटरटाउनचा जॉन आणि सिचुएटचा कॅप्टन मायकल. हा मायकल १६७६ मध्ये लढाईत मारला गेला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पियर्स थॉमसच्या वंशातले. फ्रेडरिक क्लिफ्टन पियर्स या गृहस्थांनी १८८० च्या दशकात या तिन्ही घराण्यांवर तीन वेगळे ग्रंथ छापले. तिन्ही इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत, त्यामुळे महागडी पुनर्मुद्रित प्रत घेऊ नका. तुमचे पियर्स यांपैकी कुणाचे, की चौथ्याच कुणाचे, हे आडनाव सांगणार नाही. गाव सांगेल. म्हणून पैसे खर्च करायचे ते गाव आणि काउंटी नक्की झाल्यावरच.

सुरुवात घरातून करा. हयात असलेल्या सर्वांत वयस्क माणसाला तीनच गोष्टी विचारा: आईचं माहेरचं आडनाव काय, कोणाला कुठे पुरलंय, घरचं चर्च कोणत्या पंथाचं. मग कागद मागा: मृत्युदाखले, वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांची कात्रणं, लष्करातून मोकळं केल्याचा दाखला, जुन्या बायबलची पहिली पानं (त्यांवर जन्म-मृत्यू लिहायची पद्धत होती). सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

मग फॅमिलीसर्चवर खातं उघडा. लागतो फक्त ईमेल. शुल्क शून्य. हे संकेतस्थळ मॉर्मन चर्च चालवतं, पण धर्माबद्दल कुणी विचारत नाही. काही नोंदींच्या प्रतिमा घरून उघडत नाहीत. त्या चर्चच्या केंद्रांत किंवा संलग्न सार्वजनिक ग्रंथालयांत उघडतात, तेही फुकट. सॉल्ट लेक सिटीतल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथालयात प्रवेशशुल्क नाही. रविवारी ते बंद असतं, तेवढं पाहून तिकीट काढा.

आडनावाची सगळी स्पेलिंगं लिहून काढा. पियर्समध्ये 'आय' आधी की 'ई' आधी, मध्ये 'ए' आहे का, शेवटी 'सी' की 'एस', हे लिहिणाऱ्या कारकुनावर अवलंबून असायचं. एकाच माणसाचं नाव दोन दस्तांत दोन तऱ्हांनी सापडेल. शोधताना शंकेच्या अक्षरांच्या जागी तारांकन टाका.

आता जनगणना. १९५० ची सर्वांत अलीकडची खुली आहे, कारण नोंदी ७२ वर्षं बंद ठेवतात. तिथून दहा-दहा वर्षं मागे जा. १८९० ची जवळजवळ सगळी गेली. १९२१ ला वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीत तिचं वाटोळं झालं. तिचा कुठला तरी संच विकत मिळतोय म्हणून पैसे देऊ नका. कुटुंबप्रमुखाशी नातं १८८० पासून लिहिलं जातं. त्याआधीच्या यादीत एका घरातली दोन मुलं भाऊच असतील असं नाही. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे. १७९० ते १८४० मात्र फक्त घरातल्या कर्त्याचं नाव, बाकी सगळे नुसते आकडे.

हाच तो साठ वर्षांचा टप्पा जिथे पूर्वज हरवतात. इथवर दोन-तीन शनिवार-रविवारांत पोचाल. इथून पुढे महिने लागतात, आणि नेमकं इथेच लोक कंटाळून कुणाची तरी तयार वंशावळ उचलतात. थांबा. चार प्रकारचे कागद आधी पाहा.

पहिला, गावच्या नोंदी. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५० पर्यंतचे बहुसंख्य गावांचे जन्म-विवाह-मृत्यू पुस्तकरूपाने छापलेले आहेत आणि फुकट मिळतात. शिवाय गावात नव्याने आलेल्या गरीब कुटुंबाला "आम्ही तुमची जबाबदारी घेणार नाही" अशी नोटीस द्यायची तिथे रीत होती. त्या नोटिशीत कुटुंब कुठल्या गावाहून आलं ते लिहिलेलं असतं. माणसं स्थलांतर करत असतानाचं असं मागचं गाव सांगणारी नोंद फार मोलाची. इतर राज्यांत एवढं सुख नाही. न्यूयॉर्क राज्यात राज्यभराची जन्म-मृत्यू नोंद १८८० च्या सुमाराची, पेनसिल्व्हेनियात १९०६ ची. व्हर्जिनियात १८५३ ला सुरू झाली, १८९६ ला थांबली, १९१२ ला पुन्हा सुरू झाली. ज्या वर्षी नोंदच नव्हती त्या वर्षाच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज केलात तर शोधशुल्क जातं आणि हाती "नोंद आढळली नाही" एवढा कागद येतो.

दुसरा, मृत्युपत्रं आणि वारसांच्या फायली. विवाहित मुलींची नावं नवऱ्यांच्या आडनावासह इथे मिळतात. फॅमिलीसर्चच्या पूर्ण मजकूर शोधात आता हस्तलिखित दस्तांतलं कोणतंही नाव शोधता येतं. पूर्वी जे पान-पान उलटून व्हायचं ते काही सेकंदांत होतं. मशीन वाचण्यात चुकतं, म्हणून मूळ प्रतिमा उघडून वाचाच.

तिसरा, खरेदीखतं. घेणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं राहतं गाव त्यात असतं. बायकोने जमिनीवरचा हक्क सोडल्याची ओळ असेल तर तिचं पाळण्यातलं नावही मिळतं. सरकारने थेट दिलेल्या जमिनीचे कागद जनरल लँड ऑफिसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मात्र मूळच्या १३ वसाहती, केंटकी, टेनेसी, टेक्सास यांची जमीन तिथे शोधत बसू नका, ती त्या-त्या राज्याच्या दप्तरात असते. व्हर्जिनियाची जुनी जमीनपत्रं रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने फुकट खुली केली आहेत. न्यायालय जळालेल्या काउंट्यांसाठी त्याच ग्रंथालयाच्या हरवलेल्या दस्तांच्या संग्रहात पाहा, आणि जमीनमहसुलाच्या याद्या तपासा.

चौथा, पेन्शनच्या फायली. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकाच्या विधवेला लग्न सिद्ध करावं लागे. कित्येकींनी घरच्या बायबलची पानं फाडून अर्जाला जोडली, ती आजही फायलीत आहेत. या फायली नॅशनल आर्काइव्ह्जच्या कॅटलॉगमध्ये आणि फॅमिलीसर्चवर फुकट आहेत. १८१२ च्या युद्धाच्या जेवढ्या स्कॅन झाल्यात तेवढ्या फोल्ड३ या सशुल्क संकेतस्थळावर सदस्यत्वाशिवाय दिसतात. यादवी युद्धाच्या संपूर्ण फायलीची प्रत मात्र बहुधा मागवावी लागते: १०० पानांपर्यंत ८० डॉलर, पुढे पानामागे ७० सेंट. मागवण्याआधी ती आधीच कुठे स्कॅन झाली आहे का ते पाहा.

तारखांची एक खाच लक्षात ठेवा. १७५२ पर्यंत इंग्रज वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारी १७३१/३२ असं दुहेरी वर्ष दिसलं तर ती चूक नाही. तुमच्या वहीत ते जसंच्या तसं उतरवा.

घराणं आफ्रिकन-अमेरिकन असेल तर वाट वेगळी आहे. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत माणसांची नावं नसतात. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग, एवढंच. १८७० ची जनगणना ही त्या माणसांना नावाने नोंदवणारी पहिली. तिथून १८६५ ते १८७२ च्या फ्रीडमन्स ब्यूरोच्या (गुलामीतून मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याच्या) नोंदींकडे जा, त्यांची सूची फॅमिलीसर्चवर फुकट आहे. मग मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत शोधा. माणसांची नावं किमतीसह लिहिलेली वाचावी लागतील. हे काम घरातल्या लहान मुलाच्या हाती एकट्याला देऊ नका. आडनाव मालकाचंच घेतलं असेल हेही गृहीत धरू नका.

आता पैशांचं. खालचे आकडे अंदाजे समजा, ऑफरप्रमाणे ते खाली-वर होतात.

अॅन्सेस्ट्री या सशुल्क संकेतस्थळाचं फक्त अमेरिकी नोंदींचं सदस्यत्व महिन्याला २५ डॉलरच्या आसपास. जगभरच्या नोंदी, वर्तमानपत्रं आणि लष्करी कागद जोडले की ते ६० पर्यंत जातं. नोंदी अमेरिकेच्याच हव्यात तर साधा स्तर पुरतो. १४ दिवसांची मोफत चाचणी मिळते, पण कार्ड आधी घेतात आणि मुदत संपली की पैसे आपोआप कापतात. मुदतीच्या दोन दिवस आधीच रद्द करा. आधी हेही पाहा: अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत हीच सेवा ग्रंथालयाच्या संगणकावर फुकट असते. मुलाकडे राहायला जाल तेव्हा त्याच्या ग्रंथालयाचं कार्ड वापरा. भारतातल्या कार्डाने भरलंत तर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार, बहुधा २ ते ३.५ टक्के, आणि त्यावर जीएसटी धरून हिशेब करा.

पूर्वज न्यू इंग्लंडचे असल्याचं पक्कं झालं, तर बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीचं वर्षाचं सदस्यत्व, १०० डॉलरच्या आसपास, हा माझ्या मते सर्वांत सार्थकी लागणारा खर्च. ही संस्था १८४५ ची. १६२० ते १६४० दरम्यान आलेल्या कुटुंबांचा रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी केलेला ग्रेट मायग्रेशन हा अभ्यास तिचाच. थॉमस आणि जॉन पियर्स दोघेही मिडलसेक्स काउंटीचे, आणि तिथल्या १६४८ ते १८७१ च्या वारसाफायली या संस्थेच्या संग्रहात आहेत. आधी पाहुणा म्हणून मोफत खातं उघडा, तुमचं गाव त्यात कितपत येतं ते बघा, मग भरा.

दाखला मागवताना थेट टाउन क्लार्ककडे किंवा राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज करा. मधली संकेतस्थळं मूळ शुल्कावर सेवाशुल्क आणि कुरिअर लावतात. वंशावळीसाठी साधी प्रत पुरते, प्रमाणित प्रतीचे जादा पैसे देऊ नका.

डीएनए शेवटी. साधी चाचणी सवलतीत ४० ते ६० डॉलरला मिळते, एरवी १०० च्या जवळ. पाठवणावळ वेगळी. २५ एप्रिलच्या आसपास आणि थँक्सगिव्हिंगला भाव उतरतात. आडनावासाठी मात्र वाय-गुणसूत्राची चाचणी लागते: ३७ खुणांची १०० ते १२० डॉलर, सखोल हवी तर ४०० च्या पुढे. ती त्याच आडनावाच्या पुरुषाचीच करावी लागते. तुमच्या सुनेची करून पियर्स घराणं कळणार नाही, तिच्या भावाची किंवा वडिलांची करा. आधी फॅमिली ट्री डीएनए या चाचणी कंपनीच्या संकेतस्थळावरच्या आडनावगटाचे निकाल वाचा. आणि ज्याची लाळ द्याल त्याची संमती घ्या: अनपेक्षित नाती उघड होतात, कंपन्याही बुडतात. २३अँडमीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा लोकांना आपला डेटा पुसायला धावावं लागलं.

काही गोष्टींना सरळ नकार द्या. आडनावाचं मानचिन्ह असलेली चौकट घेऊ नका, कारण इंग्लंडात मानचिन्ह व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही. "जगभरचे पियर्स" छापाची पुस्तकं म्हणजे बहुधा नाव-पत्त्यांची यादी. राजघराण्यापर्यंत नेणारी जुनी टंकलिखित वंशावळ कुणी दाखवली तर ती गुस्ताव अँजूच्या हातची नाही ना ते तपासा. या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत गिऱ्हाइकांना खोट्या वंशावळी रचून विकल्या, आणि त्या अजून उतरवल्या जातात.

व्यावसायिक संशोधक नेमायचा तर तासाला ५० ते १५० डॉलर धरा, आणि बहुतेक जण किमान काही तासांची आगाऊ रक्कम मागतात. बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जीनिऑलॉजिस्ट्सचं प्रमाणपत्र आहे का बघा. "पियर्स घराणं शोधा" असं काम देऊ नका. "१८०५ च्या सुमारास व्हरमाँटच्या अमुक गावात आलेल्या या माणसाचे आईवडील शोधा, दहा तासांत" असं द्या. सोबत आतापर्यंत पाहिलेल्या नोंदींची यादी जोडा, नाहीतर त्याच पुन्हा पाहण्याचे पैसे जातील. प्रवास, झेरॉक्स आणि न्यायालयाचं शुल्क वेगळं आहे का, हे ईमेलवर लिहून घ्या. काही सापडलं नाही तरी काय-काय पाहिलं याचा अहवाल मिळेल, हेही त्याच ईमेलमध्ये असू द्या.