अनोळखी रोपांची ओळख

भोपाळ येथील शिवाजी नगर ही शासकीय निवासस्थानांची वसाहत तिच्या जुन्या झाडांसाठी परिचित आहे. लोकप्रतिनिधींच्या नव्या निवासस्थानांसाठी येथील व शेजारच्या तुलसी नगरातील हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव जून २०२४ मध्ये नागरिकांच्या विरोधानंतर मागे घेण्यात आला. जेथे झाडे आहेत, तेथील मुलांच्या खिशात बिया असावयाच्याच. अशा वसाहतीत एखादा नातू वेचलेल्या बियांची पुडी आजीला भेट देतो. आजी त्या कौतुकाने कुंडीत पेरते. आणि आठ-पंधरा दिवसांत निरनिराळी रोपे वर येतात. ती कशाची, हे पुडी देणाऱ्यासही ठाऊक नसते. येथवर गंमत असते. परंतु मिरचीचे समजून वाढविलेले रोप धोत्र्याचे निघाले, तर गंमत राहत नाही.

ओळखीचा आरंभ रोपापासून नव्हे, तर बालकापासून करावा. बी कोठे सापडले, झाडाखाली की स्वयंपाकघरात, शेंगेत होते की काटेरी बोंडात, हे त्याला न रागावता विचारावे. मुले नाव विसरतात, जागा विसरत नाहीत. पेरणीपूर्वी प्रत्येक प्रकारचे एक-दोन दाणे कागदात बांधून, वर ही माहिती लिहून, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावे. पुढे बरेचसे कोडे त्या कागदानेच सुटते.

नंतर अंकुराकडे पाहावे. चिंच, मूग, एरंड यांची बीजदले जमिनीवर येतात. आंबा, फणस, तूर यांची मातीतच राहतात. मूग व तूर एकाच कुळातील असूनही हा भेद दिसतो. शिक्षकांनी दोन्ही डाळींचे अखंड दाणे शेजारी-शेजारी पेरून वर्गात तो अवश्य दाखवावा.

मात्र बीजदलांवरून निवाडा करणे घाईचे ठरते. एरंडाची पहिली जोडी अखंड कडांची व रुंद असते. पंजासारखी पाने मागाहून येतात. गुलमोहर व सुबाभूळ यांचे पहिले खरे पान चिंचेसारखे साधे पिच्छाकृती असते, आणि पुढील पानांत उपशाखा फुटतात. म्हणून पहिले पान पाहून चिंच म्हणून जपलेले रोप पुष्कळदा गुलमोहर निघते. निदान चार-पाच खरी पाने येईपर्यंत थांबावे, हे उत्तम.

सर्वांत फसवा गट वांगी, मिरची, टोमॅटो व धोत्रा यांचा. ही चारही एकाच कुळातील असून त्यांची बीजदले अरुंद व टोकदार असतात. धोत्र्याचे बीही मिरचीच्या बियासारखे दिसते आणि त्यामुळे विषबाधा घडतात. मिरचीचे बी फिकट पिवळे, चपटे व गुळगुळीत असते. धोत्र्याचे तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे व पृष्ठावर बारीक खळगे असलेले असते. भिंग असल्यास हा फरक सहज दिसतो. धोत्र्याचे पान चुरगळल्यास उग्र दुर्गंध येतो. असा वास पाहिल्यावर हात साबणाने धुवावेत. चव घेऊन परीक्षा करण्याची जुनी सवय मात्र येथे सर्वथा वर्ज्य होय.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हिच्या बिया मुलांच्या खेळात असतात. म्हणूनच तिचा उल्लेख आवश्यक आहे. तिचे बी हृदयावर घातक परिणाम करते. रोपाची पाने अरुंद व लांब असून खोड मोडल्यास पांढरा चीक येतो. पण चीक पपई, रुई व वड यांनाही असतो, तेव्हा तो एकटा पुरावा नव्हे. लाल-काळी गुंज आणि एरंडाचे ठिपकेदार बी हीदेखील अशीच आकर्षक व विषारी आहेत. ती चावली गेल्यास धोका अधिक वाढतो.

मुलाने असे बी खाल्ल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट पाहू नये, ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. उरलेले बी, रोप व तो जपून ठेवलेला कागद घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. बियांची नेमकी ओळख वैद्यकीय अधिकाऱ्यास उपचाराची दिशा देते.

इतके करूनही एखादे रोप ओळखले जात नाही. ते भाजीच्या वाफ्यात न ठेवता वेगळ्या कुंडीत, लहान मुले व जनावरे यांच्यापासून दूर वाढवावे. त्याचे एक पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावे आणि जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावे. फूल आल्यावर ओळख बहुधा निश्चित होते. वृक्ष असेल तर त्यास काही वर्षे लागतात, आणि तोवर बी देणारा नातू वरच्या इयत्तेत गेलेला असतो.