गळ, गाळ आणि अनोळखी तळे

गळ टाकून बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे आमच्या घरी ठाम मत आहे. निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी आमचे गाव. लहानपणी काकांच्या मागे मागे नदीवर जाऊन मी हा उद्योग शिकलो आणि बी. कॉम. च्या दुसऱ्या वर्षाला आलो तरी तो सुटलेला नाही. गेल्या माघ महिन्यात हुक्केरी तालुक्यातील एका तळ्यावर गळाच्या चुरशीत मी भाग घेतला. त्या दिवशी जे शिकलो ते पुढे गळ टाकणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि न टाकणाऱ्यांचीही थोडी करमणूक होईल, म्हणून लिहीत आहे.

हा खेळ साहेबांनी इकडे आणला असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, 1130 च्या सुमारास, लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, गळाने मासा कसा धरावा, हे एका राजाने बसून लिहिले! त्याच ग्रंथात मराठी गीतांचे फार जुने नमुनेही सापडतात. कन्नड मुलखात राजधानी असलेल्या राजाच्या पोथीत मराठी गाणे आणि माशांचे खाद्य एकत्र नांदावे, हे आपल्यासारख्या दोन भाषांच्या मासिकाला शोभण्यासारखे आहे. (घरी हा पुरावा मी सादर केला. उपयोग झाला नाही.)

आता तळ्यातील माशांविषयी. आपल्याकडच्या तळ्यांत प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ ही तीन देशी भावंडे असतात. त्यांच्या जोडीला सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हे परदेशी पाहुणे. ही सगळी एकाच कुळातली. कन्नडमध्ये पाहुण्यांना ‘गेंडे’ हे एकच कुळनाव लावून हुल्लु गेंडे, बेळ्ळि गेंडे असे म्हणतात, म्हणजे नावावरूनच नाते कळते. देशी तिघे मूळचे नदीचे. साचलेल्या तळ्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली, आणि तेव्हापासून मत्स्यबीज हवे तेवढे तयार करण्याचा मार्ग खुला झाला. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तात्पर्य, तळ्यातला रोहू म्हणजे कोणीतरी पैसे मोजून सोडलेली बोटुकली असते. तो ठेकेदाराचा माल आहे. म्हणून आमच्या चुरशीत पहिली अट हीच होती, की धरलेला मासा पाण्यातल्या जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचा आणि वजन झाल्यावर परत सोडायचा.

बाकीच्या अटी साध्या होत्या. बाराजण, प्रत्येकी एक काठी, सकाळी सात ते बारा, एकूण वजन ज्याचे जास्त तो पहिला. जागा चिठ्ठ्या टाकून. इंग्लंडातही अशा सामन्यात काठावर खुंट्या रोवून चिठ्ठीनेच जागा देतात असे वाचले होते. प्रवेश फी शंभर रुपये. जमलेल्या बाराशेंपैकी चारशे ठेकेदाराला, पाचशे पहिल्याला, तीनशे दुसऱ्याला. माझे शंभर रुपये कॉस्ट अकाउंट्सचे जुने पुस्तक घेण्यासाठी राखून ठेवलेले होते. किमान दुसरा तरी येईन आणि पुस्तक नवे कोरे घेईन, असा माझा हिशेब होता.

चिठ्ठीत बांधाजवळची नऊ नंबरची जागा आली. शेजारच्या लिंबाखाली एक आजोबा म्हशी राखीत बसले होते. मी गळ काढताना पाहून त्यांनी हाक मारली, “तम्मा, इल्लि हूळु भाळ ऐति. गाळ म्याले इडु.”

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असले तरी बाजारातले, बसमधले, कचेरीतले कन्नड मी न अडखळता बोलतो, आणि त्याचा मला अभिमान आहे. तोच नडला. मी ऐकले ‘हुळु’, म्हणजे किडे. आणि ‘गाळ’ हा तर आपला मराठी गाळच. वर गाळ आहे, त्यात किडे पुष्कळ आहेत. म्हणजे मासे तळाशी चरत असणार! शेवटचा ‘इडु’ कुठेच बसत नव्हता, पण तो मी सोडून दिला. “हौद्री अज्जा,” म्हणून मान डोलावली. पुन्हा विचारले असते तर माझे कन्नड कच्चे ठरले असते ना!

नदीवर माझी पद्धत ठरलेली आहे. वेदगंगेचा तळ वाळूचा आणि कठीण, पाण्याला ओढ. तेथे जड शिसे लावून आमिष तळाला टेकवले की काम होते. तेच मी येथे केले. शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेला कोंडा यांचे दोन किलोचे गोळे आणले होते, ते पहिल्या अर्ध्या तासातच एका जागी टाकून दिले. गळाला कणकेचा गोळा आणि तंगूस ताणून बसलो.

आठ वाजले, नऊ वाजले. बूच हलले नाही. समोरच्या काठावर सहावीसातवीतला वाटावा असा मुलगा बांबूची काठी आणि साधा दोरा घेऊन बसला होता. त्याने तोवर चार मासे पिशवीत टाकले होते. मी जागचा हललो नाही. दोन किलो खाद्य पाण्यात घातले होते, ते सोडून कसे द्यायचे? अर्थशास्त्रात ज्याला बुडीत खर्च म्हणतात, तो मी तिमाही परीक्षेत बरोबर लिहिला होता: झालेला खर्च परत येणार नसेल तर पुढचा निर्णय घेताना तो धरू नये. येथे खर्च अक्षरशः बुडाला होता, तरी मी तो धरूनच बसलो होतो.

साडेनऊला कंटाळून आमिष बदलायला तंगूस ओढला तेव्हा गळासकट हातभर दोरा काळ्या चिखलाने माखलेला. वास सडक्या अंड्याचा. तेव्हा प्रकाश पडला. गळ काढून नुसते शिसे सोडले आणि मोजले. पाणी सुमारे सात फूट, आणि त्याखाली शिसे लोण्यात रुतावे तसे आणखी दीड फूट खाली जात होते. माझे दोन किलो खाद्य आणि सकाळपासूनचे एकूणएक आमिष त्या राबडीत गाडले गेले होते.

अशा जुन्या तळ्यात पाने, शेवाळ, शेण तळाशी कुजत राहते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते आणि वर तो दुर्गंधी वायू सुटतो. त्यातच पहाटे तळ्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर वनस्पतीही श्वास घेतच असतात. मृगळ आणि सायप्रिनस एरवी तळ उकरून खाणारे, पण श्वास कोंडेल तेथे तेही थांबत नाहीत. कटल्याचे तोंडच वर वळलेले असते. तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात. म्हणजे माझे आमिष जेथे होते, तेथे कोणाचेच ताट मांडलेले नव्हते.

मी उठून आजोबांकडे गेलो आणि नीट विचारले. त्यांनी काठीने मातीत आकडा काढला व म्हणाले, “गाळ!” मग चिखलाकडे बोट दाखवून, “हूळु.” कन्नडमध्ये गाळ म्हणजे आपला गळ, आणि हूळु म्हणजे आपला गाळ. किड्याचा उकार र्‍हस्व, चिखलाचा दीर्घ. ‘येथे गाळ फार आहे, गळ वर ठेव,’ एवढे सरळ वाक्य मी दोन्ही टोकांनी उलटे ऐकले होते. आजोबा हसले नाहीत. “निपाणी कडेयवरेनु?” निपाणीकडचे का, एवढेच विचारले आणि तंबाखूची पुडी पुढे केली.

शिसे हलके केले, बूच गळाच्या बाजूला सरकवले, गळ तळापासून तीन फूट वर तरंगता ठेवला. मोठे गोळे बंद. या कुळातील माशांना जठर नसते, त्यामुळे ते एकदम पोट भरून घेत नाहीत, थोडे थोडे सतत खात राहतात. म्हणून उरलेल्या कणकेत मूठभर कोंडा कालवून चिमूट चिमूट टाकत राहिलो. ऊनही चढले होते. सव्वादहाला बूच तिरपे झाले आणि पहिला रोहू आला, साधारण पाऊण किलोचा. बारापर्यंत आणखी तीन रोहू आणि एक कटला. कटल्याने तंगूस असा ओढला की बोट कापले. शेजारच्या स्पर्धकाने स्वतःची काठी टाकून हातजाळी धरली, नाहीतर तो गेलाच होता.

वजन झाले. माझे पाच किलो दोनशे ग्रॅम, नंबर चौथा. दुसऱ्याचे सहा किलो शंभर. पहिला तो समोरचा मुलगा, आठ किलोच्या वर. तो सातच्या ठोक्याला काय करीत होता, हे मी परत निघताना विचारले. पहिली वीस मिनिटे त्याने गळ लावलाच नव्हता. दोऱ्याला खडा बांधून पाणी मोजत होता. आणि हे तळे त्यालाही नवीनच होते.

पुस्तक अजून घेतलेले नाही. ग्रंथालयाची प्रत पंधरा दिवसांसाठी मिळाली आहे. तिच्या मागच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने माशाचे चित्र काढून ठेवले आहे, तो मी नव्हे.